नऊ लिटरचा ओटीजी आणि तीन वाट्या क्रंबल

दोन-तीन माणसांच्या घरासाठी ओव्हन बघायला गेलात की दुकानदार हमखास मोठ्या मापाकडे नेतो. "सर, थोडे पैसे घाला, पंचवीस-तीस लिटरचा घ्या. पुढे पिझ्झा करता येईल, मोठा केक करता येईल." साताऱ्यात ज्या ज्या दुकानात गेलो तिथे हेच ऐकलं. तरी मी नऊ लिटरचा, ८०० वॅटचा छोटा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर) घेतला, आणि तो मनापासून आवडला म्हणून हे लिहितोय.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सांगायचं आहे ते मापाबद्दल. वर रॉड, खाली रॉड, मध्ये जाळी, दाराला काच आणि उजव्या हाताला तीन बटणं: एक तापमानाचं, एक वेळेचं आणि एक वरचा रॉड, खालचा रॉड की दोन्ही हे ठरवायचं. माझ्याकडचा अडीच-तीन हजारांच्या दरम्यान मिळाला. केकसाठी, पावासाठी, बिस्किटांसाठी तो कसा आहे हे दुसऱ्या कोणाला विचारा. आमच्या घरी त्यात मुख्यतः एकच पदार्थ होतो, फळांचं क्रंबल, आणि त्या पदार्थासाठी याहून मोठा ओव्हन घेऊ नये असं माझं ठाम मत झालं आहे.

क्रंबल माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खाली चिरलेलं फळ आणि थोडी साखर. वर मैदा, बटर आणि साखर बोटांनी चोळून केलेला चुरा. तसंच ओव्हनमध्ये ठेवायचं. खाली फळ शिजून रस सुटतो, वर चुरा खरपूस भाजला जातो. अंडं नाही, बेकिंग पावडर नाही, फेटणं नाही, लाटणं नाही. पदार्थ ब्रिटनचा. १९४० च्या जानेवारीत तिथे लोणी आणि साखर रेशनवर गेली, आणि रेशनिंग पूर्ण उठायला १९५४ उजाडलं. 'पाय' म्हणजे पारीत फळ भरून भाजायचा तिकडचा पदार्थ; त्याच्या पारीला जेवढं लोणी लागतं तेवढं कुणाकडे नव्हतं. चुऱ्याला कमी पुरतं आणि तो साध्या जाड्याभरड्या पिठाचाही होतो, म्हणून त्या वर्षांत तो तिकडे घरोघर रुळला.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. ताईकडे गेलो होतो तेव्हा तिने ब्रॅमली सफरचंदांचं क्रंबल केलं होतं, वर गरम पिवळं कस्टर्ड. ब्रॅमली हे तिथलं खास स्वयंपाकाचं सफरचंद, चांगलंच आंबट. कच्चं खाल्लं तर तोंड वाकडं होतं, पण शिजलं की मऊ फेसासारखं होतं. त्याचं पहिलं झाड १८०९ साली नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात एका मुलीने बी पेरून वाढवलं. ते गाव ताईच्या घरापासून फार लांब नाही. ताईने पायरेक्सच्या मोठ्या भांड्यात आठ जणांना पुरेल एवढं केलं होतं. आमच्या घरी माणसं तीन: मी, बायको आणि आई. आईचं वय पंच्याऐंशीच्या पुढे, अंडं ती आयुष्यात खात आलेली नाही आणि आता कवळीमुळे कडक काही चालत नाही. मऊ फळ आणि चमच्याने फुटणारा चुरा हे तिला सहज खाता येतं. ते तिला आवडतंय म्हटल्यावर मी या पदार्थाच्या मागे लागलो.

आता छोटा ओव्हनच का, ते सांगतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे ओव्हनमध्ये थर्मामीटर ठेवून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. बटण १८० वर ठेवलं की आतलं तापमान १८० वर स्थिर राहत नाही. माझ्या ओटीजीत ते साधारण १६५ ते २०० च्या मध्ये वरखाली होतं. कारण आत थर्मोस्टॅट म्हणून द्विधातूची पट्टी असते. तापली की वाकते आणि वीज तोडते, निवली की सरळ होऊन परत जोडते. त्या मधल्या वेळात रॉड लालभडक होऊन विझतात. लहान खोक्यात हवा कमी, त्यामुळे हे झोके जास्त जाणवतात. केकला ते सोसत नाही. केक मध्ये फुगून परत बसू शकतो, एका बाजूने जास्त भाजतो. क्रंबलला फुगायचंच नसतं. फळ उकळलं पाहिजे आणि वरचा थर तांबूस झाला पाहिजे, बस्स. तापमान दहा-पंधरा अंश इकडचं तिकडे झालं तरी त्याचं काही बिघडत नाही.

दुसरं कारण वरच्या रॉडचं. मोठ्या ओव्हनमध्ये मधल्या जाळीवर ठेवलेल्या वाटीपासून वरचा रॉड बराच लांब असतो. या ओटीजीत वाटीचा काठ आणि रॉड यांच्यात जेमतेम चार बोटांचं अंतर राहतं. त्या रॉडची थेट धग चुऱ्यावर पडते. केकवाल्यांची याच गोष्टीबद्दल तक्रार असते की वरून लवकर करपतं. क्रंबलला नेमकी हीच धग हवी. बटरमधला दुधाचा अंश आणि साखर तांबूस होते, टोकं खरपूस होतात आणि चव तिथेच तयार होते.

तिसरं कारण साधं आहे. नऊ लिटरचं खोकं दहा मिनिटांत तापतं. तापवणं आणि भाजणं मिळून पन्नास-पंचावन्न मिनिटं धरली, तरी ८०० वॅटच्या हिशोबाने पाऊण युनिटाच्या आत काम होतं, आणि थर्मोस्टॅट मध्ये मध्ये वीज तोडतो म्हणून खरा खर्च त्याहून कमीच. जेवायला बसताना वाट्या आत सरकवायच्या, पानावरून उठेपर्यंत गोड तयार.

कढईत मीठ घालून, झाकण ठेवून केक करतात तसं क्रंबल होईल का, असं बरेच जण विचारतात. फळ शिजेल, पण वरून धग नसल्यामुळे चुरा पांढराच राहतो, आणि झाकणाला साचलेलं पाणी वर टपकून तो ओला होतो. मायक्रोवेव्हमध्ये तर आणखी वाईट, पीठ उकडल्यासारखं लागतं. एअर फ्रायर शेजाऱ्यांकडे आहे, त्यात करून बघितलं. त्याचा पंखा कोरडा चुरा आणि ओट्स उडवतो, आणि फळाला बुडबुडे येण्याच्या आत वरचा रंग गडद होतो. ज्यांच्याकडे एअर फ्रायरच आहे त्यांनी फळ आधी पातेल्यात शिजवून घ्यावं, चुरा हलक्या हाताने दाबून बसवावा आणि तापमान १६० ठेवावं. ठीक होतं. पण ओटीजीची चव येत नाही.

तीन वाट्यांचं प्रमाण असं: ३५० ग्रॅम चिरलेलं फळ, त्याला ३० ते ४० ग्रॅम साखर. चुऱ्याला ६० ग्रॅम पीठ, ३५ ग्रॅम बटर, ३० ग्रॅम साखर. इंग्रजी घरांत पीठ दोन भाग, बटर एक भाग, साखर एक भाग असा वजनी हिशोब असतो. मी बटर किंचित वाढवलं आहे, कारण मी सगळा मैदा घेत नाही. ४० ग्रॅम मैदा आणि २० ग्रॅम बारीक रवा घेतो. रव्याने चुऱ्याला जो रवाळपणा येतो तो नुसत्या मैद्याला येत नाही. ओट्सही चालतात, पण आईच्या कवळीत अडकतात म्हणून आमच्याकडे बंद. नुसत्या गव्हाच्या पिठाचा चुरा जड आणि घट्ट होतो. घालायचंच असेल तर निम्मं घाला. बटर साधं खारं अमूलचं वापरतो, त्यामुळे वेगळं मीठ घालत नाही; शंभर ग्रॅमच्या वडीची साधारण तिसऱ्या हिश्शाची फोड लागते.

चुरा चोळायच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त आईने शिकवलं. इंग्रजी पाककृतींत 'ब्रेडच्या चुऱ्यासारखं दिसेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. ते वाचून अंदाज येत नाही. आईने परातीत हात घातला आणि म्हणाली, "अरे, हे तर शंकरपाळ्याचं मोहन. मुठीत दाब, मुटका झाला पाहिजे. आणि बोटाने टोचलं की फुटला पाहिजे." मी त्यानंतर तीच खूण धरून चालतो. मुटका झालाच नाही तर बटर कमी, भाजल्यावर चुरा कोरडा आणि पिठूळ लागतो. मुटका फुटलाच नाही तर बटर जास्त झालं किंवा वितळलं, मग भाजल्यावर वर बिस्किटाची एकसंध ताटली होते. करंजी-शंकरपाळ्यांची सवय असलेल्या बायकांना हा पदार्थ एका हातात येईल याची मला खात्री आहे.

फरक एवढाच की शंकरपाळ्याला आपण कडकडीत मोहन घालतो आणि इथे बटर गार हवं. एप्रिल-मेमध्ये साताऱ्यातसुद्धा ते हातात धरेधरेस्तोवर मऊ पडतं. त्यावर उपाय म्हणजे वडी फ्रीजरमध्ये तासभर ठेवायची आणि खोबऱ्याच्या किसणीवर थेट पिठात किसायची. मग बोटांच्या टोकांनीच चोळायचं, तळहात लावायचा नाही, कारण तळहात गरम असतो. चोळून झालं की परात दहा मिनिटं फ्रीजमध्ये. बटरऐवजी तूप घातलं तर चुरा होतो आणि चवीलाही चांगला लागतो, पण तो नानकटाईच्या अंगाने जातो, भुसभुशीत आणि विरघळणारा. बटरमध्ये सोळाएक टक्के पाणी असतं, त्याची वाफ होऊन चुऱ्यात बारीक पोकळ्या राहतात आणि कुरकुरीतपणा येतो. तुपात पाणी नसतं. आईला तुपाचा आवडतो, बायकोला बटरचा. म्हणून कधी कधी एकाच वेळी दोन्ही होतात. वेगवेगळ्या वाट्यांत करण्याचा हा एक फायदाच.

वाट्यांबद्दल. आतल्या जाळीवर नऊ सेंटिमीटर तोंडाच्या तीन वाट्या मोकळ्या राहतात. चौथी बसते, पण दाराच्या काचेला लागते आणि त्या बाजूचा चुरा पांढरा राहतो. मी रॅमिकिन म्हणून मिळतात त्या चिनी मातीच्या, सरळ भिंतीच्या वाट्या वापरतो. विकत घेताना खाली ओव्हनप्रूफ लिहिलंय का ते बघा. सोनेरी काठाचे चहाचे कप वगैरे आत घालू नका. बोरोसिलिकेट काचेची छोटी भांडीही उत्तम, आणि त्यांतून फळाला बुडबुडे येताना दिसतात हे मला फार आवडतं. मात्र कसलीही गरम काच ओल्या ओट्यावर टेकवू नये, लाकडी पाटावर किंवा घडी घातलेल्या कोरड्या कापडावर ठेवावी. नवं काही घ्यायचं नसेल तर स्टीलच्या जाड वाट्या चालतात. कडेचा रस जरा लवकर आटतो इतकंच. ॲल्युमिनियमचे साचे मात्र नकोत. आंबट फळ आणि ॲल्युमिनियम यांचं जमत नाही, चवीला धातू उतरतो.

आणि वाटी काठोकाठ भरू नका. फळ पाऊण वाटीपर्यंत, वर चुरा सैल सोडायचा, दाबायचा नाही. रस उतू गेला की खालच्या रॉडवर पडतो, साखर जळते आणि स्वयंपाकघर धुराने भरतं. मी वाट्यांच्या खाली ओव्हनचा ट्रे ठेवतो. सोबत आलेला चिमटा ट्रे उचलायला बरा आहे, पण वाट्या उचलायला निरुपयोगी. जाड हातमोजा लागतोच.

भाजताना पहिली पंचवीस मिनिटं दोन्ही रॉड, बटण १८० वर. मग आठ-दहा मिनिटं फक्त वरचा रॉड. झालं की नाही हे चुऱ्याच्या रंगावरून ओळखू नका. कडेने फळाचा रस वर येऊन जाड, आळसट बुडबुडे फुटायला लागले की झालं. पातळ आणि भराभर फुटणारे बुडबुडे म्हणजे रस अजून आटायचा आहे. कॉर्नफ्लोअर घातलं असेल तर ते उकळीच्या जवळ गेल्याशिवाय घट्ट होत नाही, म्हणून बुडबुडा दिसलाच पाहिजे. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका. खालचा साखरेचा रस उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो, आणि थांबल्यावर तो दाटही होतो.

फळांबद्दल लिहायला बसलो तर मला थांबवत नाही, कारण साताऱ्यात राहण्याचं सुख यातच आहे. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून आमच्या बाजारात यायला लागते. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा अशी वाणांची नावं आता इथल्या भाजीवाल्या मावशींनाही पाठ आहेत. जानेवारीतली मोठी, टपोरी, चकचकीत फळं तशीच खावीत, ओव्हनमध्ये घालून त्यांचं काही भलं होत नाही. क्रंबलसाठी मार्चची फळं घ्या. हंगाम सरत आला की फळ लहान होतं, मऊ पडतं, भाव उतरतो आणि बरीचशी स्ट्रॉबेरी जॅम-सरबताच्या कारखान्यांकडे जाते. त्या लहान, गडद, जास्त पिकलेल्या फळांना शिजल्यावर जो वास सुटतो तो जानेवारीच्या फळांना नसतो. भिलारला, त्या पुस्तकांच्या गावात, रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बसलेल्या शेतकऱ्याकडून घेतलेली मार्चअखेरची स्ट्रॉबेरी हे माझं या पदार्थासाठी पहिल्या पसंतीचं फळ.

पण स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणी. चिरून साखर लावून वीस मिनिटं ठेवायची, सुटलेला रस वेगळा काढायचा, आणि फोडींना दीड चमचा कॉर्नफ्लोअर चोळायचं. वेगळा काढलेला रस टाकू नका, गार दुधात घाला. रंग लाल न राहता विटकरी होतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. चार-पाच दाणे काळी मिरी भरडून घातली तर स्ट्रॉबेरी जास्त खुलते. दालचिनी मात्र स्ट्रॉबेरीला नको, ती सफरचंदाला.

सफरचंदाची आपल्याकडे अडचण अशी की काश्मीर-हिमाचलचं डेलिशियस गोड असतं पण आंबट नसतं. ताईच्या ब्रॅमलीची आठवण येते ती तिथेच. अर्धं लिंबू पिळायचं, साखर निम्मी करायची आणि लिंबाची थोडी किसलेली साल घालायची. फोडी छोट्या करून पातेल्यात पाच मिनिटं वाफवून घेतल्या तर छोट्या ओव्हनच्या वेळेत नीट मऊ होतात. हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळालं तर उत्तम, पण ते परदेशातून येतं आणि भाव तसाच असतो. पावसाळ्यात हिमाचलचे आलुबुखारे येतात. ते आंबट, रसदार, सालासकट घालता येतात आणि रस गर्द जांभळट लाल होतो. माझ्या मते सफरचंदापेक्षा आलुबुखारा सरस. उन्हाळ्याच्या तोंडाला पुरंदरची अंजिरं येतात. चार फाका करून, साखर जवळजवळ न घालता, वर लिंबाचे चार थेंब. अंजिराला पाणी कमी, म्हणून चुरा खालून ओला होत नाही. आईला सगळ्यांत आवडतं ते हेच.

अननस चांगला होतो, फक्त बारीक चिरावा. पेरूच्या बिया आईला चालत नाहीत, त्यामुळे पेरू मी गर गाळून आणि सफरचंदात मिसळूनच घालतो. चिकूचं करू नका, गोडावर गोड होतं. आणि हापूस भाजू नका. त्याचा वास उडतो, गर दोरीदार लागतो आणि महागाचं फळ वाया जातं. आंबा घालायचाच असेल तर पाडाला आलेला, अर्धा आंबट असा एखादा रायवळ घ्या, त्याचं छान होतं.

सोबत काय, यावर आमच्या घरी तीन मतं आहेत. ताईच्या पद्धतीचं कस्टर्ड मी करतो. कस्टर्ड पावडर ही बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये काढली, बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. मक्याच्या पिठावर दाट होणारं, अंड्याशिवायचं ते कस्टर्ड पुण्याच्या वेकफील्डमुळे आपल्याकडे घराघरांत गेलं आणि आईच्या ताटात निर्धास्तपणे वाढता येतं. पाकिटावर लिहितात त्यापेक्षा थोडं पातळ ठेवा, निवताना ते दाटतंच. बायकोला व्हॅनिला आइस्क्रीम हवं असतं. आई फ्रीजमधली गार साय घेते, साखर न घातलेली. गरम आंबट-गोड फळावर ती गार साय... माझं मत आता आईच्या बाजूला झुकलं आहे.

आता ओटीजीच्या उणिवा. आत दिवा नाही, त्यामुळे संध्याकाळी बुडबुडे बघायला मोबाइलचा टॉर्च लागतो. टायमर चावीचा आहे आणि दहा मिनिटांच्या खालची वेळ लावायची असेल तर बटण आधी पुढे फिरवून मग मागे आणावं लागतं, नाहीतर वेळेआधी बंद पडतो. मी शेवटच्या आठ-दहा मिनिटांसाठी मोबाइलवरच गजर लावतो. बाहेरचा पत्रा भरपूर तापतो. मागे आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडावी, वर कापड-बिपड ठेवू नये. घरात लहान मूल असेल तर हा ओव्हन ओट्याच्या कडेला नको. वायर आखूड आहे. एक्स्टेन्शन बोर्ड लावण्यापेक्षा प्लगच्या जवळ जागा करून देणं बरं. बटणावरचे आकडे खरे मानू नका आणि दोनेकशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर आत टांगा. माझ्या बटणावरचं १८० आणि तुमच्या बटणावरचं १८० सारखं नसेल.

पहिल्यांदा लावताना रिकामाच वीस मिनिटं चालवा, खिडकी उघडून. रॉडवरचं तेलकट आवरण जळताना वास येतो, तो एकदाच येतो. सांडलेला रस ट्रेवर असतानाच, ओव्हन कोमट असताना ओल्या फडक्याने पुसला तर निघतो. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवला की काचेसारखा घट्ट होतो. रॉड कधीही घासू नका.

एक गोष्ट मला या पदार्थाबद्दल आणि या ओव्हनबद्दल फार भरवशाची वाटते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज अधूनमधून जाते. केक आत असताना वीज गेली तर केक गेला. क्रंबल वाट बघतं. दार उघडू नका, अर्ध्या तासात वीज आली तर पुढचं भाजणं तिथूनच सुरू करा, फक्त पाच-सात मिनिटं जास्त द्या. चवीत फरक पडत नाही.

पाहुणे आले आणि माणसं सहा झाली तर काय, हा प्रश्न उरतो. चुरा एकदम दुप्पट-तिप्पट करून डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवता येतो, महिनाभर छान राहतो. गोठलेलाच फळावर पसरायचा, वितळवायचा नाही. उलट गार बटरमुळे तो जास्त कुरकुरीत होतो. पहिल्या तीन वाट्या बाहेर काढून त्या निवायला ठेवल्या की लगेच दुसऱ्या तीन आत जातात. ओव्हन तापलेलाच असतो, म्हणून दुसऱ्या खेपेला पाचेक मिनिटं कमी लागतात. पहिल्या तिघांनी वाट्या संपवेपर्यंत दुसऱ्या तिघांच्या तयार होतात. आठ-दहा माणसांचं घर असेल आणि सगळ्यांना एकाच वेळी वाढायचं असेल, तर मात्र दुकानदाराचं ऐका आणि मोठा घ्या.